आईचं प्रात्यक्षिक

४ जानेवारी

सामान लावून झालं. सामान कसलं, दोन बॅगा आणि एक पुस्तकांचं खोकं. माझी खोली धुलाईघराच्या बरोबर वर आहे. खालची मशीनं सुरू झाली की खाट थरथरते आणि टेबलावरचा पेला चालत चालत कडेला येतो. दिवसभर चादरी, टॉवेल, गाऊन. वृद्धाश्रमात माणसं कमी आणि धुणं जास्त असतं की काय कोण जाणे.

आई खालच्या मजल्यावर, सहा नंबरच्या खोलीत. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. "बरं आहे," म्हणाली. आईचं "बरं आहे" म्हणजे काय, हे पन्नाशी उलटली तरी मला ओळखता येत नाही. ऐंशीच्या पुढचं वय, त्यात हातांचा कंप. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता स्वतःचं बटण लावता येत नाही. मी हॉस्पिटलच्या भटारखान्यात आहार बघत होते तेव्हा ती दिवसभर घरी एकटी. एकदा पडली, दुसऱ्यांदा पडली, आणि माझा धीर सुटला. म्हणून ही नोकरी घेतली. इथे कर्मचाऱ्याच्या आईवडिलांना खाट मिळते.

मॅनेजरबाईंनी अट आज पुन्हा सांगितली. "मॅडम, तुम्ही आहात तोवर आईंची खाट आहे. बाहेर यादी केवढी मोठी आहे, बघताय ना?" हसून सांगतात. हसून सांगितलेलं जास्त बोचतं.

माझं काम असं: मागच्या तपासणीत इथल्या बहुतेक आजीआजोबांची वजनं घटलेली निघाली. स्वयंपाक वाईट नाही, मी चाखला. खाऊ घालायची पद्धत वाईट. तर इथे काम करणाऱ्यांना, जेवण कसं द्यायचं, कसं भरवायचं, ते शिकवायचं. सहा महिन्यांत वजनं वाढली तर मी कायम. नाही तर दोन बॅगा, खोकं आणि आई.

दादाला फोन केला. खूश झाला. "तू तिथेच आहेस म्हटल्यावर मला काही बघायलाच नको." तसंही तो कधी काय बघत होता?

९ जानेवारी

दुपारचं जेवण नुसतं उभं राहून पाहिलं. देवा रे! एक सेविका आहे, तिला सगळे घाईताई म्हणतात आणि ते नाव फुकट पडलेलं नाही. चार जणांना एकदम भरवते, उभ्यानं. पेटीत पत्रं टाकावीत तसे घास टाकत जाते. पहिल्याचा गिळून व्हायच्या आत दुसरा तोंडाशी. एका आजोबांनी तोंड मिटलं तर "नको? बरं!" म्हणून ताट उचललंसुद्धा. त्यांना नको नव्हतं, ते आधीचाच घास चावत होते.

दुपारी पहिला वर्ग घेतला. डझनभर बायका आणि दोन पुरुष, सगळे पाय चोळत बसलेले, चेहऱ्यावर "ही कोण शहाणी आली" असं स्पष्ट छापलेलं. मी भाषण दिलंच नाही. डोळ्यांना पट्ट्या बांधल्या आणि एकमेकांना सूप भरवायला लावलं. काय गोंधळ! घाईताईला भरवणारीनं चमचा तिच्या नाकाला लावला. "अगं बाई, नाकानं पिऊ का?" ती ओरडली. हसून हसून पुरेवाट झाली, पण पट्टी काढल्यावर घाईताई म्हणाली, "मॅडम, घास कधी येतोय ते कळत नाही तेव्हा पोटात गोळा येतो हो." मी म्हटलं, जिंकलं.

आता खरं प्रात्यक्षिक हवं, खऱ्या आजीवर. कुणी तयार होईना. मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं मी फळ्यासमोर उभा राहिलो. आता फळा व्हायची इच्छा नाही." इतरांच्या नातेवाइकांनी नको म्हणून कळवलं.

संध्याकाळी आईजवळ बसून हे रडगाणं गात होते. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "माझ्यावर कर."

"खरंच? तुला चालेल?"

"तुझं काम होतंय ना? मग झालं."

आई ती आईच.

१७ जानेवारी

वर्ग झकास चाललाय. भोजनघराच्या कोपऱ्यातलं टेबल मी मागून घेतलं. आई खुर्चीत, मी शेजारी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, बाकी सगळे अर्धगोल करून उभे. उभ्यानं भरवायचं नाही. चमचा वरून नाही, खालून न्यायचा. हनुवटी जराशी खाली, म्हणजे ठसका लागत नाही. घास गिळला याची खात्री करायची, गळ्याकडे बघायचं, मगच दुसरा. आई अगदी सांगितल्याप्रमाणे करते. "आ" म्हटलं की आ. "थांब" म्हटलं की थांबते.

आज एकीनं विचारलं, "ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलं तर?" मी म्हटलं, बघाच. चमच्याच्या कडेनं खरवडायचं नाही, ते लहान बाळाला करतात. मऊ फडक्यानं, टिपून. सगळे वाकून बघायला लागले, मागच्यांना दिसेना म्हणून मी आईचं तोंड जरा त्यांच्या बाजूला वळवलं. आई वर छताकडे बघत होती. तिथे नवा रंग दिलाय, छान दिसतो.

प्रश्नोत्तरं फार होतात, हे खरं आहे. पाच-सहा घासांनंतर चर्चा सुरू होते आणि सूपावर साय धरते. मग आईच म्हणते, "राहू दे, झालं माझं." भूकच कमी आहे तिची.

रात्री खोलीत सोडताना विचारत होती, "उद्यापण आहे का?"

"हो, आता रोजच."

"बरं," म्हणाली.

२९ जानेवारी

आज मॅनेजरबाईंसमोर माझी योजना मांडली आणि जशीच्या तशी मंजूर झाली! दर सोमवारी सगळ्यांची वजनं. प्रत्येकाची स्वतःची लाल रेघ. सलग दोनदा काटा रेघेखाली गेला की त्या माणसाला लगेच वरच्या मजल्यावर विशेष देखभालीला हलवायचं, म्हणजे डॉक्टरांचं लक्ष राहील. इतकी वर्षं लोक इथे झिजत होते आणि कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. आता येईल.

वरचा मजला मला आवडत नाही, लिहून ठेवते. लिफ्टचं दार उघडलं की औषधांचा वास, एका रांगेत खाटा, बऱ्याच जणांच्या नाकात नळी. खुर्च्याच नाहीत, कारण बसून कुणी जेवत नाही. वर गेलेलं माणूस खाली आल्याचं इथे कुणाला आठवत नाही. पण नियम भीतीसाठी थोडाच आहे, नियम काळजीसाठी आहे.

नियमाचा फलक भोजनघरात लागला तेव्हा मास्तर बराच वेळ वाचत उभे होते. म्हणाले, "बाई, परीक्षा आणलीत. आता कॉपी सुरू होईल."

मास्तरांना प्रत्येक गोष्टीत शाळाच दिसते.

१२ फेब्रुवारी

वजनं वाढली! दोन सोडून सगळ्यांची. आईचंही, थोडं का होईना. मॅनेजरबाईंनी भर भोजनघरात टाळ्या वाजवल्या. घाईताईला इतका आनंद झाला की ती आईच्या शेजारून हलेचना, काट्यावर चढताना आणि उतरतानाही हाताला धरून होती. ही तीच बाई, जी महिन्यापूर्वी चौघांना उभ्यानं भरवत होती. शिकवण्याचं सार्थक झालं.

आई हल्ली सोमवारी तो जाड लांब स्वेटर घालून येते. एवढं उकडतंय, तरी. म्हातारपणी रक्त पातळ होतं, थंडी वाजायचीच. तिच्या घड्याळाचा पट्टाही सैल झाला होता. हल्लीचे पट्टे म्हणजे नुसता दिखावा, महिन्याभरात ताणतात. चांभाराकडून नवीन भोक पाडून आणलं.

संध्याकाळी व्यायाम घेणारी बाई मॅनेजरबाईंकडे भांडत होती. पायाला बांधायच्या वाळूच्या पिशव्या दर सोमवारी सकाळी कुठे गायब होतात आणि दुपारी कशा परत येतात, म्हणून. मला हसू आलं. इथे चमचे सापडत नाहीत, वाळूच्या पिशव्यांचं काय घेऊन बसलात!

आईचं रात्रीचं ताट जसंच्या तसं परत आलं. मी विचारलं तर म्हणाली, "दुपारी तू भरवलंस ना एवढं."

२३ फेब्रुवारी

आज माझं डोकं फिरलं. शेजारच्या गावातल्या आश्रमाची माणसं आमचा वर्ग बघायला आली होती. सगळी तयारी झाली, मी चमचा पुढे केला आणि आईनं तोंड फिरवलं. पुन्हा केला, पुन्हा फिरवलं. मी गोड आवाजात "आ कर बघू" म्हणतेय आणि ती दात मिटून बसलेली. शेवटी एक घास घेतला तो गालात धरून ठेवला. सगळ्यांसमोर मला तिचा गाल बाहेरून दाबून दाखवावा लागला की घास असा अडकून राहतो, तो असा शोधायचा. वेळ मारून नेली, पण कानशिलं तापली होती.

खोलीत गेल्यावर बोलले. "लोकांसमोर माझी शोभा केलीस, आई."

"आणि माझी?" ती म्हणाली.

"तुझी कसली शोभा? तू सगळ्यांत छान जेवतेस म्हणून तर तुला पुढे बसवते!"

ती हात मांडीवर घट्ट धरून बसली. कंप वाढलाय.

मला कळत नाही मी कुणाकुणाची मनं सांभाळू. आई रुसली तर वर्ग बसतो. वर्ग बसला तर नोकरी बसते. नोकरी बसली तर आईची खाट जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी फाटकाबाहेर शेवटची गेले ती घड्याळाच्या पट्ट्यासाठी. सकाळी डोळे उघडले की मशीनची घरघर, मग भोजनघर, मग आईची खोली, मग परत मशीनची घरघर. आज दादाला म्हटलं, तू येऊन आठ दिवस राहशील का, मी जरा कुठे तरी जाऊन येते. म्हणाला, "अगं, तू तर तिथली तज्ज्ञ. मी येऊन काय करणार?" तज्ज्ञ म्हटलं की माणसाला रजा नसते.

दुसऱ्या दिवशीची भर: सकाळी आईनं आपण होऊन विचारलं, "आज किती वाजता बसायचंय?" म्हणजे रुसवा गेला. हुश्श.

११ मार्च

लिहवत नाही, तरी लिहिते. न लिहिलं तर डोकं फुटेल.

तपासणी समिती आली. तिघं होते, त्यातले मोठे अधिकारी फार सभ्य. मॅनेजरबाईंनी ठरवलं होतं की आधी सगळ्यांसमोर वजनं आणि मग आईचं प्रात्यक्षिक. भोजनघरात काटा आणून ठेवला. आईला पहिली बोलावली, कारण तीच आमची नमुना आजी.

घाईताईनं तिला धरून आणलं. आई जड पावलं टाकत आली. मला वाटलं, थकली असेल. तिनं एक पाय काट्यावर ठेवला, दुसरा उचलला, आणि स्वेटरखालून काही तरी धप्पकन खाली पडलं. वाळूची पिशवी. पायाला बांधायची. मी उचलायला वाकले तर गाऊनच्या कडेतून दुसरी लोंबत होती. कमरेला नाडीनं बांधलेली.



"आई, हे काय?"

आई माझ्याकडे बघेना. ती दारापलीकडच्या लिफ्टकडे बघत होती. घाईताई रडायलाच लागली. "मॅडम, मी बांधल्या. आजी म्हणाल्या, माझं वजन उतरलं तर पोरीचं काम जाईल. आणि मला वर नेतील. त्यांना वर नाही हो जायचं. कुणालाच नाही जायचं."

तेवढ्यात रांगेतून मास्तर पुढे आले. शांतपणे दोन्ही खिशांतून दोन पिशव्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. "मीही नापास," म्हणाले. त्यांच्या मागच्या आजींनी ब्लाऊजमधून खलबत्त्यातला बत्ता काढला. बत्ता! स्वयंपाकघरात तो महिनाभर शोधत होते.

आईला पिशव्यांशिवाय पुन्हा काट्यावर उभं केलं. मीच केलं, माझ्या हातांनी. स्वेटर काढला तेव्हा तिचा दंड माझ्या मुठीत मावला, आणि मूठ मिटूनही जागा उरली. काटा लाल रेघेच्या कुठल्या कुठे खाली होता. मी तिला रोज भरवत होते. रोज, डझनभर माणसांसमोर. आणि ती माझ्या डोळ्यांसमोर वाळत गेली. मी गळा बघत होते, ओठ बघत होते, आई बघितलीच नाही.

मोठ्या अधिकाऱ्यांनी फलकावरचा नियम वाचला. "पद्धत उत्तम आहे," म्हणाले, "अंमलबजावणी कडक हवी." बाकीच्यांची खरी वजनं पुढच्या सोमवारी घ्यायचं ठरलं. आईची रेघ मात्र इतकी मागे सुटली होती की डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या वेळेची वाट बघण्यात अर्थ नाही.

मी मॅनेजरबाईंच्या मागे धावत गेले. थोडे दिवस द्या म्हटलं, मी खोलीत बसून भरवते म्हटलं. त्या या वेळी हसल्या नाहीत. "नियम तुमचाच आहे, मॅडम. तुमच्याच आईसाठी मोडला तर मी बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

खरं तर त्यांचं काही चुकलं नाही. संध्याकाळी लिफ्टचं दार लागलं तेव्हा आई पाठमोरी होती.

१३ मार्च

राजीनामा लिहिला. फाडला. राजीनामा दिला की खाट गेली, वरची असो वा खालची. दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे तर लिफ्टसुद्धा नाही गं, तिसरा मजला." म्हणजे दारच बंद. हॉस्पिटलची जुनी नोकरी दुसऱ्या कुणाला दिली. दुसरी कुठली मिळाली तरी दिवसभर आईला घरी एकटं ठेवायचं, आणि ती पडायची. कुठून कसाही विचार केला तरी फिरून या इमारतीतच येते.

वर डॉक्टर म्हणाले, "तोंडानं पोटात जायला हवं. शनिवारपर्यंत वाट बघतो. नाही तर नळी घालावी लागेल."

मी खालून खुर्ची नेली. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसले, चमचा खालून नेला, हनुवटी खाली, सगळं सगळं केलं. तोंड मिटलेलं. "आई, एक घास." मिटलेलं. "आई, नळी घालतील गं." मिटलेलं. मी रडले, मग रागावले, मग पुन्हा रडले. शेजारच्या खाटेवरची बाई नाकात नळी घेऊन आमच्याकडे बघत होती. आईनं तिच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

मला भीती वाटते. आई जाईल आणि तिचं शेवटचं जे काही होतं, ते मी लोकांना दाखवून संपवलं असेल. लिहिते आणि पान उलटते.

मॅनेजरबाईंचा निरोप आला: वर्ग बंद ठेवू नका, शुक्रवारपासून दुसऱ्या आजी बसतील, त्या हो म्हणाल्यात.

१५ मार्च

हे वरच्या मजल्यावर, दाराबाहेर बसून लिहितेय. वही मांडीवर आहे.

आज मी वर्ग घेतला नाही. पोट बिघडलं असं सांगितलं. मग वरच्या नर्सला विनवलं आणि आईची खाट रांगेतून त्या टोकाच्या छोट्या खोलीत हलवली, जिथे दार आहे. दुपारी ताट घेऊन गेले. मऊ भात, उकडलेला बटाटा दुधात कुस्करून, केळं. चमचा हातात धरला आणि काय झालं कोण जाणे, पुढे करवेनाच. तसाच धरून बसले.

शेवटी आईच बोलली. चार दिवसांत पहिल्यांदा.

"वजन वाढलं की खाली नेणार ना?"

"हो, आई! खाल्लंस की लगेच. दोन आठवड्यांत खाली." मला वाटलं ती आशेनं विचारतेय.

"मग परत टेबल?"

मी ताटातला भात उगाच सारखा केला.

"ते सगळे उभे राहतात," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडे बघतात. ती एक जाडी आहे, ती वाकून बघते. ओघळलं की तू त्यांना दाखवतेस. चिमे, मी लोकांची मापं घ्यायची, तेव्हासुद्धा पडदा ओढून घ्यायची गं."

मी चमचा ताटात ठेवला. 

"तू बोलली का नाहीस? एकदा तरी म्हणायचं."

"तुझं काम होतं." आई म्हणाली, "आणि भूकच जायची. सकाळपासून पोटात गोळा यायचा, आज बसायचंय. नंतर रात्रभर तेच. इथे बरं आहे. इथे कुणी बघत नाही."

वरचा मजला. बरं आहे. मी ज्या मजल्याचा धाक घातला, तो माझ्या टेबलापेक्षा बरा!

"आई, टेबल नाही. शपथ घेते हवी तर. पुन्हा कधीच नाही."

"तुझी ती माणसं?"

"नाहीत."

"आणि तू?"

 मी उठले. ताट तिच्या मांडीवर उशीवर नीट टेकवलं, चमचा तिच्या उजव्या हाताशी ठेवला, पाणी जवळ सरकवलं. "मी बाहेर थांबते," म्हटलं. "झालं की हाक मार."

"दार लाव."

दार लावलं. मी माझ्या वर्गात पहिल्या दिवशी सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे, कंप असलेल्या, अशक्त माणसाला जेवताना एकटं सोडायचं नाही. कधीही नाही. घास घशात अडकला तर? मी दाराला कान लावून उभी आहे. बसले. पुन्हा उभी राहिले.

चमचा पडला. फरशीवर खणखणला. दुसरा चमचा आत नाही. हात कडीवर गेला आणि मी तो मागे घेतला, दुसऱ्या हातानं.

आता काहीच आवाज नाही. नर्स जाताना विचारून गेली, "आजींना कुणी भरवत नाहीये?" मी मानेनं नाही म्हटलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.

खोकला. एक, लगेच दुसरा, मग मोठा ठसका. मी कडी उघडलीच होती.

"ठसका लागला नुसता!" आतून आवाज आला. "येऊ नकोस!"

दार परत ओढून घेतलं.  खाली भिंतीला टेकून बसले आहे. असा वेळ कधी गेला नव्हता.

हाक आली. "चिमे, ये."

भात गाऊनवर, उशीवर, एक शीत तर चक्क कानाला. केळ्याचं साल फरशीवर. बटाटा ती हातानं जेवली होती, मनगटापर्यंत माखलेली. पण वाटी रिकामी होती. ताट बऱ्यापैकी रिकामं होतं. मी तिच्या तोंडाकडे न बघता आधी उशी झटकली, मग फडकं ओलं करून तिच्या हातात दिलं. तिनं स्वतःचं तोंड पुसलं. अर्धं राहिलं. मी राहू दिलं.

"रात्रीही असंच," ती म्हणाली.

"असंच."

"आणि खाली त्या दुसऱ्या बाईला बसवणार म्हणे? नर्स सांगत होती."

म्हणजे हिला सगळं कळतं. "नाही बसवणार," मी म्हटलं. "मॅनेजरबाईंना सांगितलं नाही अजून. वर्ग तर घ्यावा लागेल, आई, सुटका नाही. उद्यापासून खुर्चीत मी बसेन. घाईताई मला भरवेल, सगळ्यांसमोर. तोंड पुसणं, गालातला घास, सगळं माझ्यावर."

आईनं माझ्याकडे नीट बघितलं. किती तरी दिवसांनी. ओठाच्या कोपऱ्यात भाताचं शीत तसंच होतं.

"बस," ती म्हणाली. "उद्या कळेल तुला."